रुळण्याचा खर्च

परदेशातून विशी-बाविशीतली मुलं सेवेसाठी भारतातल्या खेड्यात येऊन राहतात, तेव्हा पहिले काही महिने सेवा करतं ते गाव, आणि करून घेतात ती मुलं. यात मुलांचा दोष नाही. परक्या मुलखात रुळायला वेळ लागतोच. पण त्या रुळण्याचा खर्च कोणीतरी सोसत असतं आणि तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही, हे माझं म्हणणं आहे. हिंगणघाट तालुक्यातलं अल्लीपूर डोळ्यांपुढे आणा. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्टमध्ये येते, म्हणून सेवेला निघालेली पुष्कळ मुलं त्याच दिवसांत मोकळी असतात. वर्धा जिल्ह्यातल्या कास्तकाराला याच तीन महिन्यांत श्वास घ्यायला फुरसत नसते. मृगाचा पाऊस पडला की सरकीची टोबणी, मग डवरणी, मग निंदण. बाया सकाळी डबा बांधून वावरात जातात त्या दिवस कलल्यावर परततात. अशा घरात पाहुणी उतरली, की तिच्यासाठी पाणी उकळणं, बिनतिखटाची भाजी वेगळी काढणं, तिला गावात सोबत करणं आणि ती आजारी पडली तर वर्ध्याच्या दवाखान्यात नेणं, हे सगळं घरातल्या बाईच्याच अंगावर पडतं. निंदणाची रोजी बुडाली तर ती कोणी भरून देत नाही. पाहुणचार म्हणून ती बाई तक्रारही करणार नाही, आणि म्हणूनच हा खर्च दिसत नाही.

या जिल्ह्याला परक्या सेवकांचा अनुभव नवा नाही. मॅडेलीन स्लेड, म्हणजे आपल्या मीराबहेन, 1925च्या नोव्हेंबरात साबरमतीला आल्या. ब्रिटिश नौदलातल्या ॲडमिरलची ही मुलगी. रोमाँ रोलाँ यांचं गांधीजींवरचं पुस्तक वाचून ती निघाली, बोटीचं तिकीट काढलं, आणि मग आपली तयारी नाही हे ओळखून तिने जाणं वर्षभर पुढे ढकललं. त्या वर्षात तिने मांस सोडलं, सूतकताई शिकली, जमिनीवर मांडी घालून बसायची सवय केली, उर्दूचे धडे घेतले. रुळण्याचा जेवढा भाग स्वतःच्या देशात, स्वतःच्या खर्चाने उरकता येतो तेवढा तिने उरकला. तरीही वर्ध्याच्या खेड्याला ही तयारी पुरणारी नव्हती. उर्दू शिकून आलेल्या माणसाला सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, मराठी ऐकू येणार होती. पण तोवर त्यांना भारतात दहा वर्षं झाली होती आणि हात काम शिकले होते. सेगावात त्यांनी उभारलेली झोपडी माती-बांबूची, तिथल्याच साहित्याची होती. तीच पुढे बापूकुटी म्हणून ओळखली गेली, आणि तिच्या भिंतींवर मीराबहेनांनी उठवलेली ताडाची झाडं आजही पाहता येतात. शिकून आलेल्या माणसाने गावाकडे काय मागावं आणि काय मागू नये, याचा तो नमुनाच आहे.

त्याच्या थोडं आधी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदीत जे घडलं, तेही या वादात महत्त्वाचं आहे. 1935 साली मगनवाडीहून गांधीजी आणि त्यांचे सहकारी रोज तिथे जाऊन रस्त्यावरची घाण उचलत. कित्येक महिने झाडूनही लोकांच्या सवयी फारशा बदलल्या नाहीत. सकाळी येऊन परत जाणाऱ्याचं काम, मग तो माणूस कितीही मोठा असो, गावाने आपलं मानलं नाही. गांधीजी 1936च्या एप्रिलअखेर सेगावात राहायलाच गेले, त्यामागे हा अनुभव होता असं मला वाटतं. मार्जरी साइक्स यांची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. त्या 1928 साली, तेविसाव्या वर्षी, मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या, तिथे तमिळ शिकल्या, मग शांतिनिकेतनात बंगाली शिकल्या, आणि 1949च्या सुमारास नई तालीमच्या कामासाठी सेवाग्रामला पोचल्या. वीस वर्षं इथे काढून मग खेड्याच्या शिक्षणाला हात! सेवाग्रामला आल्या तेव्हा त्यांना कोणी रुळवायला नको होतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की थोड्या दिवसांचं कामही मोलाचं असतं, आणि त्याला आनंदवनाचा दाखला आहे. 1950च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे तरुण वरोऱ्याला आले आणि त्यांनी बाबा आमट्यांच्या कुष्ठरोग्यांबरोबर बांधकाम केलं. परदेशी मुलं रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून राहतात, हे पाहून आसपासच्या लोकांची भीतीही ओसरली. हा दाखला मी मनापासून मान्य करतो. पण तिथे काय काम हवं ते आनंदवनाने ठरवलं होतं, विटा रचायला भाषेची गरज नव्हती, आणि मुलं गेल्यावरही बाबा तिथेच होते. थोड्या मुक्कामाचं काम फळतं ते कायम राहणाऱ्याच्या आधाराने. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पंधरा दिवस एखाद्या गावात राहतात, कुटुंबांची ओळख करून घेतात, आणि पुढेही त्या घरांकडे जात राहतात. ती मुलं शिकायला आली आहेत हे तिथे कोणी लपवत नाही, आणि रुग्णालय जिथल्या तिथे असतं. पंधरा दिवसांना शिक्षण म्हणा, माझी हरकत नाही. सेवा म्हटलं की मात्र हिशेब मांडावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. बाहेरचा माणूस जातीच्या चौकटीत अडकलेला नसतो, तो दलित वस्तीत जेवू शकतो, गावातल्या कोणाला न जमणारं करू शकतो. खरं आहे. पण त्याला ते जमतं, कारण त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. तो परतीच्या विमानात बसल्यावर रोष झेलायला ती वस्तीच उरते. म्हणून असं पाऊल टाकायचा अधिकार मला राहणाऱ्यालाच द्यावासा वाटतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो. वर्ष-दोन वर्षं राहा म्हटलं तर पैसेवाल्यांचीच मुलं येतील, आणि शरीराचं काय? लंडनहून आलेल्या सरलाबहेन सेवाग्रामात काही वर्षं राहिल्या, पण इथला उन्हाळा आणि मलेरिया त्यांना सोसला नाही. 1940च्या सुमारास त्या कुमाऊँत गेल्या, आणि पुढचं सारं मोठं काम त्यांच्या हातून तिथेच झालं. म्हणजे न रुळणं हेही प्रामाणिकपणे कबूल करता यायला हवं, जागा बदलायची मोकळीक हवी. पैशांचं उत्तर मात्र सोपं आहे. दहा मुलांना सहा-सहा आठवड्यांसाठी आणणाऱ्या संस्थेने दोघांना दोन वर्षांसाठी आणावं. विमानभाड्यात वाचलेल्या रकमेतून त्यांचा इथला खर्च निघेल, आणि ज्या घरात ती राहतील तिथल्या बाईला पहिल्या वर्षी निंदणाच्या आणि कापूस वेचणीच्या रोजीइतके पैसे दरमहा देता येतील. कधी यायचं तेही ग्रामसभेने सांगावं. अल्लीपूरसारख्या गावात तो महिना फेब्रुवारी असावा असं मला वाटतं: तूर निघालेली असते, कापसाचा शेवटचा वेचा उरकलेला असतो, ऊन अजून तापलेलं नसतं, आणि नवख्या माणसाशी दोन शब्द बोलायला ओसरीवर कोणीतरी बसलेलं असतं.