आतला आवाज

माझ्या भाच्याने गाडी घेतली. भाच्याने गाडी घेतली की मामाने पेढा खावा आणि तोंडभर आशीर्वाद द्यावा, असा साधा नियम आहे. पण पेढा तोंडात असतानाच त्याने विचारलं, "कशी आहे, मामा?" आणि मी बोलून गेलो, "झकास! पण हिला मागून कुणी चेपलंय का रे?"

भाच्याच्या चेहऱ्यावरून माझ्या लक्षात आलं की आपण नवरी मुलगी तिरळी आहे का, असं विचारलं आहे.

गाडी बीएमडब्ल्यूची एक्स सिक्स. २०१२ सालची, म्हणजे पहिला धनी उपभोगून बाजूला झालेला. नव्या साध्या गाडीच्या पैशांत जुनी श्रीमंत गाडी, हा आमच्या भाच्याचा हिशेब. ही म्हणे 'कूपे एसयूव्ही'. एसयूव्ही म्हणजे उंच, दांडगी, सामानसुमान घेऊन घाट चढणारी गाडी. कूपे म्हणजे बुटकी, नखरेल, उतरत्या पाठीची, दोघांनी फिरायला जाण्याची. या दोघांचं लग्न बीएमडब्ल्यूने २००८ साली लावलं आणि जो संसार झाला त्याला 'स्पोर्ट्स अ‍ॅक्टिव्हिटी कूपे' असं भारदस्त नाव दिलं. उतरत्या छपराने मागच्या माणसाची डोक्यावरची जागा खाल्ली आणि डिकीतली सामानाचीही खाल्ली. सुरुवातीला तर मागे दोघांनीच बसायचं होतं. तिसऱ्यासाठी जागा मागून घ्यायची सोय २०११ पासून झाली. दोन टनांहून जड गाडी आणि माणसं चार! आमच्या साडेसात अश्वशक्तीच्या चेतकवरही चारच बसत होतो. धाकटा पुढे उभा, थोरला मध्ये, सौ. मागे आणि तिच्या मांडीवर भाजीची पिशवी.

लोक हसले. पण हसणाऱ्यांनीच पुढे नक्कल केली. मर्सिडीजची जीएलई कूपे २०१५ साली आली, ऑडीची क्यू एट २०१८ साली, पोर्शेच्या कायेनलाही २०१९ साली पाठ उतरती करून मिळाली. तेव्हा हसण्यात मी एकटा उरलोय, हे कबूल करून मी दुसरा पेढा उचलला.

मला वाटलं, गाडी घेतली, विषय संपला. पण भाचा म्हणाला, "आता हिच्यावर काम करायचंय."

"म्हणजे? बिघडलीय?"

"नाही रे मामा. सुधारायची."

इथे मी जरा अंतर्मुख झालो. म्युनिकच्या इंजिनियरांनी वर्षानुवर्षं डोकं लावून जी गाडी केली, ती आमचा भाचा शहराबाहेरच्या एका गॅरेजात सुधारणार. जी वस्तू उत्तम म्हणून विकत घेतली तिला आणखी उत्तम करायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि हे 'पुरे' कधी होतं? हा प्रश्न गाडीचा नाही हो. पगाराचा आहे, घराचा आहे, झालंच तर नवऱ्याचाही आहे. लग्नानंतर आमच्या सौ.नेही माझ्यावर बरंच काम काढलं होतं.

काम सुरू झालं. पुढच्या बंपरखाली ओठ लागला. त्याला खरोखर ओठ, म्हणजे 'लिप'च म्हणतात. दोन्ही बाजूंना खाली झालर लागली. मागे पंख आला, तो गाडीला जमिनीवर दाबून धरतो म्हणतात. आमच्या रस्त्यांवर दर दोनशे फुटांवर गतिरोधक आहे. इथे जमिनीवर दाबून धरायचं काम तोच करतो. ओठ पहिल्याच दिवशी फुटला. मग बावीस इंची चाकं आली. चाक मोठं झालं की टायरचं रबर पातळ होतं, आणि रबर पातळ झालं की रस्त्यातला खड्डा थेट मणक्यात येतो. मग काळं, अजिबात न चमकणारं वेष्टण चढलं. याबाबतीत मात्र भाच्याला मोठा आधार होता. खुद्द कंपनीनेच २०१९ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात एक एक्स सिक्स मांडली होती. तिला व्हँटाब्लॅक जातीचा असा काळा लेप दिला होता, की पडलेला प्रकाश जवळजवळ परतच येऊ नये. गाडीचे उठाव, वळणं, सगळं गडप! इतके पैसे खर्चून गाडी घ्यायची आणि ती दिसायचीच नाही. वैराग्याची इतकी महागडी तऱ्हा मी दुसरी पाहिली नाही.

शेवटी इंजिनच्या मेंदूला हात घातला. इंजिनला डिझेल केव्हा, किती द्यायचं आणि टर्बोने हवा किती दाबायची, हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याची आज्ञावली बदलली की मूळच्या २४५ अश्वशक्तीत आणखी चाळीसेक घोडे येऊन मिळतात. वर थोडा जादा धूरही मिळतो. घोडे चाळीस आले, पण आमच्या चौकात उभे राहिले सगळे दोनशे पंच्याऐंशीच्या दोनशे पंच्याऐंशी. पुढे एक नारळाची हातगाडी होती.

"हे सगळं कायद्यात बसतं का रे?" मी विचारलं. मी बँकेत नोकरी केली आहे. खाडाखोड दिसली की मला घाम फुटतो. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की कंपनीने ठरवलेला आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार करू नका. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याआधी २०१२ साली काचांवरच्या काळ्या फिती बंद केल्या. जर्मनीत तर या हौसेचे मोठमोठे कारखाने आहेत. बोट्रॉपचं ब्राबुस १९७७ पासूनचं, आखेनचं एसी श्नित्झर १९८७ पासूनचं. पण तिथे परवान्यात न बसणारा सुटा भाग लावायचा तर तपासनिसाची मान्यता लागते, नाहीतर गाडीचा रस्त्यावर यायचा परवानाच जातो. जर्मन माणूस चैनसुद्धा सही-शिक्क्यानिशी करतो.

भाचा म्हणाला, "मामा, काचा मी केल्याच नाहीत. आणि आज्ञावली कुठे दिसते?"

जे दिसत नाही ते पाप नाही, हे तत्त्वज्ञान मोटारीच्या शोधापेक्षा पुष्कळ जुनं आहे. मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने रथ दाखवून विचारलं होतं, की यातला रथ कोणता? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मीही भाच्याला विचारलं, "अरे, चाकं निराळी, ओठ निराळा, कातडं निराळं, मेंदू निराळा. यातली बीएमडब्ल्यू कोणती?" तो म्हणाला, "ईएमआय चालू आहे ती." नागसेनाची आणि आमच्या भाच्याची गाठ पडली नाही, हे बौद्ध वाङ्मयाचं नशीब.

इथपर्यंत सगळं थट्टेवारी होतं. मग आला आवाज.

गाडी डिझेलची. डिझेलची गाडी कितीही सुधारा, तिचा आवाज व्यवहारी असतो, किराणा दुकानदारासारखा. भाच्याला हवा होता आठ सिलिंडरांच्या पेट्रोल गाडीचा, पोटातून येणारा गुरगुराट. त्यावरही उपाय निघाला. गाडीच्या पोटाखाली एक कर्णा बसवतात. होय, ध्वनिक्षेपकच. तुम्ही पाय दाबाल तसा तो आठ सिलिंडरांचा आवाज काढतो. म्हणजे इंजिन सहा सिलिंडरांचं, गाणार आठ सिलिंडरांचं, आणि पार्श्वगायन कर्ण्याचं! मी खो खो हसलो, तेव्हा भाच्याने सांगितलं, की बीएमडब्ल्यूच्याच २०११च्या एम फाइव्हमध्ये इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरांतून वाढवून ऐकवत. कंपनीने केलं की तंत्रज्ञान, भाच्याने केलं की नाटक, हा न्याय नव्हे. मी हसणं आवरतं घेतलं.

मग त्याने मला सातारा रस्त्याला फिरवून आणलं. आता खरं सांगतो. आत बसून तो आवाज जो ऐकला, तो काय सांगू! पाठीतून शिरतो आणि छातीत घुमतो. आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. बहात्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधलेला मी, भाच्याला म्हणालो, "परत एकदा दाब रे!"

भाचा आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या विंगमध्ये राहतो. त्याची कचेरी अमेरिकेच्या घड्याळावर चालते, त्यामुळे रात्री साडेबाराला घरी येतो. आमच्या खालच्या मजल्यावर नाना राहतात. नानांची बायपास झालेली, जेमतेम दोन महिने झालेले. झोप लागता लागता अकरा-साडेअकरा होतात, आणि साडेबाराला आठ सिलिंडर येतात. एक दिवस नानी जिन्यात भेटल्या. "भाऊजी, तुमचा भाचा आहे. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

"सांगतो हं, वहिनी," मी म्हणालो.

अकरा दिवस मी सांगितलं नाही. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी आड यायचं. आज तो दमलेला होता, आज पाहुणे होते, आज गुरुवार होता. खरं कारण निराळंच. "परत एकदा दाब" म्हणणारं तोंड "बंद कर" कसं म्हणणार? शिवाय रविवारी त्याने पुन्हा फिरायला न्यायचं कबूल केलं होतं. माणसाची सदसद्विवेकबुद्धी किती स्वस्तात गप्प बसते, हे मला त्या अकरा दिवसांत कळलं. माझी सातारा रस्त्यापर्यंतच्या एका फेरीत बसली.

बाराव्या दिवशी भाच्याला सुट्टी होती. "नानांना भेटून येऊ" म्हणून त्याला रात्री खाली नेलं. त्याचा मित्र त्या दिवशी गाडी घेऊन गेला होता, तो बाराच्या सुमारास परत आणणार होता. हे मला ठाऊक होतं. भाच्याच्या लक्षात नव्हतं. नाना पडून होते, भाचा उशाशी खुर्चीवर. क्रिकेटच्या गप्पा निघाल्या. मग नानांचा डोळा लागला आणि आम्ही कुजबुजत बसलो. एवढ्यात फाटकातून आवाज आला. खिडकीची तावदानं थरथरली, टेबलावरचा पेला झाकणासकट किणकिणला, नाना दचकून जागे झाले आणि सवयीने त्यांनी छातीवर हात ठेवला.

भाचा उसळून म्हणाला, "कोण गाढव आहे हा?"

कुणी काही बोललं नाही. नानी पदराशी चाळा करत राहिल्या. नाना भले गृहस्थ, तेच म्हणाले, "असू दे रे, तरुण मुलं असतात."

मग भाच्याला उमगलं. त्याचा चेहरा गाडीच्या वेष्टणासारखा झाला, पडलेला प्रकाश परत येईना. त्याने स्वतःची गाडी आजवर आतून ऐकली होती, गॅरेजात कौतुकाने ऐकली होती. दुसऱ्याच्या उशाशी बसून कधी ऐकली नव्हती. आपण सगळेच आपापली गाडी आतून ऐकतो. आतून जे संगीत, ते बाहेरून काय असतं, हे कळायला दुसऱ्याच्या खुर्चीवर जाऊन बसावं लागतं. मला वाटतं, नीती नीती म्हणतात ती एवढीच असावी. बाकीची पुस्तकं टिपा आहेत.

जिन्यात तो म्हणाला, "मामा, आधी सांगायचंस ना." मी म्हणालो, "हो रे." यापेक्षा जास्त बोलायचा मला अधिकार नव्हता.

त्या कर्ण्याला बटण आहे. फोनवरून बंद होतो. आता फाटकाच्या आधी तो बंद करतो आणि घाटात सुरू करतो. तो काढून टाक, असं मी म्हटलं नाही. ओठ, पंख आणि बावीस इंची चाकं यांनी फार तर त्याचाच मणका दुखेल. विकत आणलेल्या वस्तूला आपला हात लागल्याखेरीज ती आपली वाटत नाही. नऊ वर्षांनी नंबर लागून १९८४ साली चेतक मिळाली, तेव्हा मीही तिला पुढे काच, मागे बंपर, सौ.साठी पाय ठेवायची फळी आणि स्टेपनीवर मुलांची नावं घातलेलं रेक्झिनचं आवरण केलं होतंच की!

हे मी मोठ्या समाधानाने सौ.ला सांगत होतो. ती भाजी निवडत म्हणाली, "आणि तो हॉर्न?"

"हो! म्युझिकल हॉर्न!" मी खुललो. "सकाळी साडेसहाला निघताना वाजवायचो. पोरं काय खूश व्हायची!"

"वाड्यात तुम्हाला काय म्हणायचे, ठाऊक आहे?"

"काय?"

"'निघाली वरात.' समोरच्या आजी रोज उठून बसायच्या दचकून."

मी गप्प झालो. मग विचारलं, "मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश असायचात," ती म्हणाली आणि देठ बाजूला टाकले.

चाळीस वर्षं झाली. वाडा पडला, तिथे सहा मजली इमारत झाली. समोरच्या आजी केव्हाच गेल्या. माफी मागायची तरी कुणाची? भाच्याच्या आवाजाला निदान बटण होतं आणि नाना अजून खाली आहेत. तो दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्यासाठी शहाळी ठेवून आला.

काल रात्री साडेबाराला मला जाग आली. भाच्याची गाडी फाटकातून शिरली, नुसती डिझेलची घुरघुर, किराणा दुकानदाराची. खाली नानांकडे शांत होतं. मला बरं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, जरासं चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं.