चौदाव्या दिवसाची रेघ

जपानी संशोधक शिन्या यामानाका एकदा मित्राच्या वंध्यत्व-उपचार केंद्रात गेले होते. सूक्ष्मदर्शकाखालचा भ्रूण पाहताना त्यांना आपल्या मुली आठवल्या. त्यांच्यात आणि या इवल्या गोळ्यात फरक तो कितीसा! संशोधनासाठी भ्रूण मोडत राहणं त्यांना पटेना. २००६ साली क्योतो विद्यापीठात त्यांनी उंदराच्या साध्या पेशींत चार जनुकं घातली आणि त्या पेशी भ्रूणातल्या मूलपेशींसारख्या, शरीरातली कोणतीही पेशी घडवू शकणाऱ्या झाल्या. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २०१४ मध्ये कोबेत याच पद्धतीने एका वृद्धेच्या स्वतःच्याच त्वचेपासून तयार केलेला पेशींचा पातळ थर तिच्या डोळ्यात बसवला गेला.

त्याआधीची वाट वेगळी होती. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी मूलपेशी मिळवल्या, त्या काही दिवसांच्याच भ्रूणातून. पेशी काढल्या की तो भ्रूण संपतो.

त्यात ‘कोणी’ असतं का?

कॅथलिक चर्चच्या मते फलनाच्या क्षणापासूनच त्याला माणसासारखं वागवलं पाहिजे. ज्यू परंपरेत पहिले चाळीस दिवस तो पाण्यासमान. अनेक मुस्लिम विद्वान १२० दिवसांनी प्राण फुंकला जातो असं मानतात. आपल्याकडे चरक म्हणतो, शुक्र, शोणित आणि जीव एकत्र आले की गर्भ. गर्भोपनिषदात मात्र जीव येतो तो सातव्या महिन्यात. तेव्हा ‘आपला धर्म काय सांगतो’ याचं एकच उत्तर छातीठोकपणे देणाऱ्याने आधी हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवावेत.

ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉरनॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये प्रयोगशाळेत भ्रूण वाढवण्यावर चौदा दिवसांची मर्यादा सुचवली. भारतातल्या मार्गदर्शक तत्त्वांतही ती आहे. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर एक पुसट रेघ उमटते. तोवर एकाचे दोन होऊन जुळी जन्मू शकतात; ज्याचा एकपणाच अजून ठरलेला नाही त्याला व्यक्ती कसं म्हणायचं, हा युक्तिवाद वजनदार आहे. पण रेघ म्हणजे आत्म्याचा पुरावा नव्हे. ती माणसांनी आपसात केलेली तडजोड आहे, आणि प्रयोगशाळेचा हात तिथे थांबतो म्हणून ती मोलाची.

यामानाकांनी भ्रूण वाचवला, प्रश्न मात्र सुटला नाही. २०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत याकोब हन्ना यांच्या गटाने बीजांड आणि शुक्राणूशिवाय, नुसत्या मूलपेशींपासून, चौदा दिवसांच्या मानवी भ्रूणाशी मिळतीजुळती रचना वाढवली. ती गर्भाशयात ठेवायला सध्या मनाई आहे. इथे फलन झालेलंच नाही, चरकाच्या व्याख्येतलं शुक्र नाही, शोणितही नाही. फलनाच्या क्षणावर सगळा भार टाकणाऱ्यांना आता या गोळ्याबद्दलही बोलावं लागेल, आणि त्याला निव्वळ पेशींचा पुंजका म्हणणाऱ्यांनाही.