एकरकमी भागीदार

गेली काही वर्षे 11 डिसेंबरला पुण्याचा लक्ष्मी रस्ता दिवसभर मोटारींना बंद असतो आणि लगेच वर्तमानपत्रांतून तोच वाद नव्याने सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, रस्ता कायमचा पादचाऱ्यांना द्या. दुसरा विचारतो, गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार कसे? दोघांच्याही लेखी बाजार म्हणजे रस्ता: फरशी, दिवे, बाक, एकसारख्या पाट्या. मग कोणीतरी 'सार्वजनिक-खासगी भागीदारी' असे म्हणतो आणि सगळ्या माना डोलतात. हा भागीदार कोण, त्याला पैसे कशातून मिळणार आणि कधी, हे कोणी विचारत नाही.

लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब पाहा. साड्या लक्ष्मी रस्त्यावर, भांडी आणि रुखवताचे सामान तुळशीबागेत, केळीची पाने मंडईत. एका दुकानात नसलेली वस्तू दुकानदार स्वतःच 'तिकडे तिसऱ्या दुकानात विचारा' म्हणून सांगतो. चार फुटांच्या गाळ्यात फक्त पिना आणि बांगड्या विकून संसार चालतो, कारण पेढीवरून आलेले गिऱ्हाईक त्या गाळ्यासमोरूनच मंडईकडे जाते. ही साखळी कोणत्याही आराखड्यात काढलेली नसते. साखळीतला स्वस्त गाळा गेला की महाग दुकानाचेही गिऱ्हाईक तुटते.

सध्या सर्वांत वजनदार मत असे आहे: जुन्या पेठा सुधारायला पैसा लागतो, तो पालिकेकडे नाही, खासगी माणूस फुकट येणार नाही, तेव्हा त्याला जादा चटईक्षेत्र द्या, तो इमारतीही उभ्या करील आणि बाजारही. असे म्हणणारी माणसे हिशेबी असतात, म्हणून त्यांचाच हिशेब मांडू. विकासकाला पैसा मिळतो तो वरच्या मजल्यांवरची घरे आणि कार्यालये विकून, आणि तो एकदाच. त्याच्या ताळेबंदात जुना दुकानदार हा कुठेतरी बसवायचा 'पात्र भाडेकरू' असतो. त्याला पहिल्या मजल्यावर गाळा दिला की कायद्याची अट पुरी होते आणि धंदा बसतो, कारण पिना घ्यायला कोणी जिना चढत नाही. जुने भाडे नाममात्र होते. आता लिफ्ट, पहारेकरी, देखभाल यांची वर्गणी दरमहा. बांधकामाच्या वर्षांत गिऱ्हाइकाची वाट मोडते, ती वेगळीच. ताबा दिल्यावर विकासक पुढच्या प्रकल्पाकडे जातो. त्यात त्याचे काही चुकत नाही; त्याचा करारच तसा असतो.

यावर ठरलेले उत्तर येते: मग इमारती पडू द्यायच्या का? मुंबईत भेंडी बाजाराजवळची हुसैनी इमारत ऑगस्ट 2017 मध्ये कोसळली आणि 33 माणसे गेली. तेव्हा हा प्रश्न उडवून लावता येणार नाही. माणसे राहतात ती धोकादायक इमारत पाडलीच पाहिजे. पण ती घरबांधणी झाली, तिला बाजाराचे पुनरुज्जीवन म्हणू नये. खुद्द भेंडी बाजाराचा दाखला चटईक्षेत्रवाद्यांना वाटतो तितका सोयीचा नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील विनियम 33(9) खाली साडेसोळा एकरांवरचा तो समूह पुनर्विकास हाती घेतला बोहरा समाजाच्या विश्वस्त संस्थेने. ज्यांची दुकाने, त्यांच्याच समाजाची संस्था. असा भागीदार निविदा काढून मिळत नाही.

शिवाय या इमारती मोडकळीला का आल्या? 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण ती त्याच गोठलेल्या आकड्यावर. मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि इमारत कोसळली की जमिनीचे मोल मिळते. वर पागडीच्या दुकानदाराने गाळ्यासाठी मोजलेली रक्कम पाहता खरा गुंतवणूकदार तोच असतो. ही गाठ न सोडवता जादा चटईक्षेत्र देणे म्हणजे मालकाने वाट पाहिल्याबद्दल त्याला बक्षीस देण्यासारखे आहे.

बाकीच्या मतांना फार वेळ देण्याची गरज नाही. सगळे ऑनलाइन जाणार म्हणणाऱ्याने दिवाळीआधीच्या रविवारी तुळशीबागेत शिरून दाखवावे. सगळे पालिकेनेच करावे म्हणणाऱ्याने पालिकेच्या मंडईतले स्वच्छतागृह एकदा वापरावे. (मंडईच्या बांधकामावरील खर्चाला जोतीराव फुले यांनी नगरपालिकेत विरोध केला होता आणि पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. आपल्याकडे विरोधकाचे ऐकण्यापेक्षा त्याचे नाव देणे सोपे पडते.)

म्हणून माझा आग्रह एकाच भेदापुरता आहे. खासगी भागीदार दोन जातींचे असतात. एक एकरकमी, ज्याला जागा विकून मिळते. दुसरा रोजचा, ज्याला संध्याकाळी गल्ला मोजून मिळते. बाजार सुधारण्यात हित फक्त दुसऱ्याचे असते. टोरोंटोत भुयारी रेल्वे आल्यावर रस्त्यावरची वर्दळ जमिनीखाली गेली आणि व्यापारी संकुलेही गिऱ्हाईक ओढू लागली. तेव्हा ब्लूर वेस्ट व्हिलेजच्या दुकानदारांनी 1970 मध्ये स्वतःवर सक्तीची पट्टी बसवून घेतली. वसुली नगरपालिकेची, खर्चाचा निर्णय दुकानदारांच्या मंडळाचा. सक्ती यासाठी की ऐच्छिक वर्गणीत चार जण देतात आणि चाळीस जण फायदा घेतात. आपल्या व्यापारी संघटनांना हे सांगायला नको. आज त्या शहरात अशी ऐंशीहून अधिक मंडळे आहेत.

या पद्धतीतही खोट आहे, हे मान्य. पेढीवाल्यांच्या मंडळाचा पहिला ठराव बहुधा पथारीवाल्यांना हटवण्याचा असेल. त्यावर उपाय कायद्यातच आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत, आणि पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार ठरून तिथल्या विक्रेत्यांना हलवता येत नाही. तेवढा वाटा बाजाराच्या मंडळातही पथारीवाल्यांना द्यावा.

सप्टेंबर 2024 पासून मंडईखाली मेट्रोचे स्थानक सुरू आहे. त्यामुळे पेठांतल्या जमिनीचे भाव वाढतील आणि एकरकमी भागीदारांची रांग लागेल. पालिकेने त्याआधी दुकानदार आणि पथारीवाल्यांच्या मंडळाला पट्टी गोळा करून खर्च करण्याचा अधिकार द्यावा. आणि लक्ष्मी रस्त्याचा पुढचा आराखडा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा फरशीच्या रंगावर हरकत घेऊ नका. भागीदाराला शेवटचा रुपया कोणत्या वर्षी मिळणार, एवढेच लेखी विचारा.