पाठीवरच्या ओझ्यात काय आहे?

ज्याच्या पाठीवर आपण ओझे देतो, त्याला त्या ओझ्यात काय आहे हे सांगण्यास आपण बांधलेले आहोत काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर किती जिवांवर बेतते, हे मुंबईच्या गोदीने १९४४ साली पाहिले.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला बंदराची वाट नवी नव्हे. सातवाहनांच्या काळी सोपारा-कल्याणकडील माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर उभा आहे. पुढे विसाव्या शतकात कोरडवाहू शेतीवर पोट भरेना, तेव्हा याच तालुक्यांतील तरुण उलट दिशेने घाट उतरले आणि मुंबईच्या बाजारांत, वखारींत व धक्क्यांवर हमालीला लागले. गोदीतले काम बहुतांशी रोजंदारीचे. टोळीवाला बोलावील त्याला त्या दिवसाची मजुरी. जहाजात कोणता माल आहे, हे विचारण्याची सोय त्यात नव्हती.

१४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीत चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या आणि सोन्याच्या १२४ विटा त्याच्या पोटात होत्या. स्फोटक मालाची खूण असलेला लाल बावटा मात्र त्यावर नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास धुराकडे लक्ष गेले. जहाज बुडवावे की आग विझवीत राहावे, यावर अधिकाऱ्यांत खल चालला. निर्णय झाला नाही आणि आसपास राबणाऱ्यांना दूर जाण्याचा इशाराही मिळाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आगीशी झुंजताना ६६ अग्निशामक जवान कामी आले, असा नेमका आकडा सांगितला जातो. सोन्याच्या विटाही मोजलेल्या होत्या. रोजंदारीवरचे हमाल मात्र 'शेकडो' या एका शब्दात मावले.

युद्धात गुप्तता लागते, हे आम्ही मान्य करतो. बावटा शत्रूच्याही डोळ्यांत भरला असता. परंतु शत्रूपासून लपविणे वेगळे आणि आपल्यासाठी राबणाऱ्यापासून लपविणे वेगळे. सैनिकाला आपण रणात आहोत हे ठाऊक असते; हमालाला तेवढेही कळू दिले गेले नाही.

कोणी म्हणेल, कळले असते तरी पोटासाठी तो गेलाच असता. गेला असता कदाचित. तरीही जाणून पत्करलेला धोका हे धैर्य होय. अजाणतेपणी लादलेला धोका हा अन्याय होय. ज्याला 'नाही' म्हणणे परवडत नाही, त्याला सांगण्याचे आपले कर्तव्य उलट अधिक भारी होते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात माणसाला नफ्याची वस्तू म्हणून वापरणे लज्जास्पद ठरविले. धोका लपवून काम करून घेणे हे त्याच वापराचे एक रूप नव्हे काय?

गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला. परंतु प्रश्न गोदीपुरता नाही. आज त्याच जुन्नर-आंबेगावात द्राक्षांचे मळे आणि टोमॅटोचे फड उभे आहेत; तेथे फवारणीचा पंप मजुराच्या पाठीवर असतो. डब्यावरचा विषाचा लाल त्रिकोण त्याला कोणी समजावून सांगितला आहे काय? आपल्या घरची टाकी साफ करण्यास उतरणाऱ्याला आपण आतल्या वायूविषयी बजावतो काय? कायदा डब्यावर खूण छापू शकतो. ती वाचून दाखविण्याचे काम मात्र ओझे देणाऱ्याचेच राहते.