बळ आणि वाट

सोव्हिएत देशात एक शास्त्रज्ञ होता, आंद्रेइ साखारोव. तो देशासाठी बॉम्ब करी. अमेरिकेसारखे अस्त्र आपल्याकडेही असले की दोघेही हात आखडून राहतील, असे त्याला मनापासून वाटे.

२२ नोव्हेंबर १९५५ रोजी सेमिपलातिन्स्कच्या माळावर विमानातून त्याचा हायड्रोजन बॉम्ब टाकला. चाचणी यशस्वी झाली. दूरच्या एका गावात लोक आसऱ्याला तळघरात बसले होते. लखलखाट पाहून सगळे बाहेर धावले. दोन वर्षांची एक पोर तेवढी आत ठोकळे खेळत राहिली. मागून हादऱ्याची लाट आली, तळघर खचले, पोर गेली. एक जवानही खंदकात गाडला गेला.

संध्याकाळी मेजवानी झाली. यजमान होते चाचणीचे लष्करी प्रमुख मार्शल नेदेलिन. पहिला पेला उचलण्याचा मान शास्त्रज्ञाला मिळाला. आपली अस्त्रे नेहमी अशीच यशस्वी होवोत, पण माळावरच, शहरांवर कधीही नाही, असे काहीसे तो बोलला.

बसलेले गप्प झाले. मार्शल हसून म्हणाले, एक गोष्ट सांगतो. एक म्हातारा रात्री देवाला विनवीत होता, ‘वाट दाखव, बळ दे.’ अंथरुणातून म्हातारी म्हणाली, ‘अहो, बळ तेवढं मागा. वाट मी दाखवते!’

गोष्ट चावट होती, पण तिचा रोख चावट नव्हता. शास्त्रज्ञाने पेला रिता केला आणि रात्रभर तोंड उघडले नाही.

पुढे मात्र तो गप्प बसला नाही. थांबलेल्या चाचण्या पुन्हा सुरू करू नका, अशी चिठ्ठी त्याने १९६१ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांना दिली. ख्रुश्चॉव्हनी भरल्या पंगतीत त्याला झापले. राजकारण आमच्याकडे सोडा, हा त्याचा मथितार्थ. पुढच्या वर्षी जवळपास सारख्याच दोन बॉम्बांची चाचणी ठरली. एक पुरे, म्हणून त्याने अण्वस्त्रांच्या खात्याच्या मंत्र्याला विनवले, ख्रुश्चॉव्हना फोन केला. दुसराही फुटला. तो मेजावर डोके टेकून रडला.

त्याच सुमारास एका सहकाऱ्याने जुन्या अमेरिकी प्रस्तावाची आठवण करून दिली: भूगर्भातल्या चाचण्यांचा वाद बाजूला ठेवा; हवा, पाणी आणि अवकाशातल्या तेवढ्या थांबवा. साखारोव पुन्हा त्याच मंत्र्याकडे गेला. या वेळी बोलणे वर पोहोचले. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत तसा करार झाला. श्रेय त्याच्या एकट्याचे नव्हे. राज्यकर्त्यांनाही तेव्हा करार सोयीचा होता.

सत्तेला जाणत्याची बुद्धी हवी असते, त्याची काळजी नको असते. तरीही ज्याने बळ दिले, त्याला वाटेविषयी बोलावेच लागते, आणि पुन्हा पुन्हा. कारण कोणत्या वेळी ऐकले जाईल ते त्याच्या हातात नसते.

१९६८ मध्ये साखारोवने आपले विचार सविस्तर लिहिले. तो निबंध परदेशात छापला गेला आणि त्याला गुप्त कामावरून काढून टाकले.