काचेचा दोष

चाळिशी उलटल्यावर नाकावर येणाऱ्या चष्म्यालाही 'चाळिशी'च म्हणणारी आपली भाषा मोठी मिस्कील आहे. मलाही ती लागली. डोळ्यांतल्या भिंगाची लवचीकता गेली, जवळची अक्षरे पुसट झाली. मग बहिर्गोल काच आली आणि वर्तमानपत्र पुन्हा वाचता येऊ लागले. मला कोणी बोल लावला नाही. वयाचा दोष, म्हणून घरचे हसले इतकेच.

पण तेव्हापासून एक मुलगा सारखा आठवतो. 2004 साली मी शाळेत नवा होतो आणि तो शेवटच्या बाकावर बसे. फळ्यावरचे गणित तो हमखास चुकीचे उतरवी. 3 चे 8 करी, 1 चे 7. मी त्याला आधी निष्काळजी ठरवले, मग मठ्ठ, आणि एकदा साऱ्या वर्गासमोर छडी दिली. पुढच्या वर्षी शाळेत नेत्रतपासणी झाली. त्याला लांबचे दिसतच नव्हते! अंतर्गोल काचेचे दोन तुकडे डोळ्यांवर चढले आणि सहामाहीत तो वर्गात तिसरा आला. काचेने त्याला बुद्धी दिली नव्हती, ती होतीच. "तुला दिसते का रे?" एवढे विचारायला मला काय झाले होते?

गंमत अशी, की खुद्द काचेवरही असाच अन्याय झाला होता. काचेच्या तंतूत शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत वळणे घेत जातो, हे ठाऊक होते. आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 साली इंग्लंडात अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्रही नेऊन दाखवले होते. पण थोड्या अंतरातच प्रकाश विझे; तेव्हा दूरच्या संदेशांना काच कुचकामाची, असे अनेक जाणत्यांचे मत पडले. 1966 साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की दोष काचेच्या स्वभावात नाही. तिच्यात मिसळलेल्या लोखंडासारख्या द्रव्यांत आहे. ती काढली आणि किलोमीटरभर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरला, तरी काम भागेल. 1970 साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याहून सरस तंतू काढला. काओंना 2009 साली नोबेल मिळाले तेव्हा त्यांना स्मृतिभ्रंश जडला होता. त्यांचे व्याख्यान पत्नीने दिले.

तो मुलगा आता सिंगापुरात असतो. गेल्या दिवाळीत त्याने चित्रासकट फोन केला. समुद्राच्या तळाशी अंथरलेल्या, केसाएवढ्या काचतंतूंतून त्याचा हसरा चेहरा माझ्या ओसरीवर आला. "सर, तुम्हालाही चष्मा?"

छडीची गोष्ट ओठांवर आली होती. पण तो ती विसरला असला, तर जुनी जखम उकरायची कशाला? आणि विसरला नसला, तर माझी क्षमायाचना त्याच्यासाठी, की माझ्या झोपेसाठी? वीस वर्षांत हा हिशेब मला सुटलेला नाही.

मी तिकडच्या पावसाची चौकशी केली.

"इथे काय सर, रोजच असतो," तो म्हणाला.