राखीव रान कोणासाठी?

पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्व लोक सहभागी आहेत, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपणास ठाऊक आहे. मग जे सर्वांचे, त्याला कायद्याचे कुंपण घालणे न्याय्य आहे काय?

इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीचे सरदार उत्तम कुरण आपल्याच कळपांसाठी अडवीत. त्यास ‘हिमा’ म्हणत. प्रेषितांनी ही मिरासदारी मोडली, मात्र नकीअ येथील कुरण सार्वजनिक कामाच्या घोड्यांसाठी राखले. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी हिमाच्या रखवालदारास बजावले की, मोजकी जनावरे असलेल्या गरिबाला आत येऊ द्यावे, धनिकांचे कळप रोखावेत; कारण जनावरे मेली तरी धनिकाकडे बागा व शेती उरते, गरिबाकडे काहीच उरत नाही. तात्पर्य, राखणे गैर नाही. स्वतःसाठी राखणे गैर आहे.

गोदावरी आणि कृष्णा सह्याद्रीत उगम पावतात. पश्चिम घाटाच्या रक्षणासाठी माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. २०१४ ते २०२४ या काळात अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा निघाला त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडात दरड कोसळून शेकडो जीव गेले होते.

मसुद्यावर हरकती-सूचनांसाठी साठ दिवस मिळतात. तेव्हा आपणही लिहावे: कायदा हवाच, पण खाणमालक बाहेर राहो आणि मध, लाकूडफाटा वेचणारा आदिवासी आत. अमानत राखण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.